विसरलेल्या वर्षांचा अहवाल

पोह्यांना हात न लावता मुलासाठी स्थळ बघायला आलेल्या कुमुदबाईंनी रेवतीच्या मेंदूचा अहवाल टीपॉयवर आपटला. "दीड वर्षाची असताना हिला महिनाभर शेजाऱ्यांकडे टाकली होती. अशा मुली नवऱ्याला जन्मभर संशयाने छळतात. आम्हाला नको."

"पण तिला ते आठवतसुद्धा नाही," रेवतीची आई म्हणाली.

"म्हणूनच तर मेंदूतलं विसरलेलं वाचायला मशीन लागतं."

"मग तुमच्या मुलाचाही अहवाल बघू," रेवती म्हणाली.

निरंजनने मोबाइल पुढे केला. तिने मोठ्याने वाचलं, "वय चौदा महिने. बाथरूममध्ये अंधार, दाराला बाहेरून कडी. आईचा आवाज : मर तिथेच."

तिशीतला निरंजन अजूनही आंघोळ करताना आतून कडी लावत नसे. त्याने आईकडे पाहिलं.

"दिवसभर किरकिरायचास मेल्या!" कुमुदबाई कडाडल्या. "आणि तुला कुठे आठवतंय ते?"