एकशे एकचा पासवर्ड

"एकशे एक नंबरच्या फोनला एकशे एक हाच पासवर्ड. किती सोपा होता! गुमान परत लाव," काका गरजले. कचेरीचे फोन कॉम्प्युटरवरून चालायचे, आणि आज सकाळीच पुतणीने सगळे पासवर्ड बदलले होते.

"नाही लावणार."

"कालची पोर तू! कचेरी कुणाची?"

"तुमची. म्हणूनच नाही." तिने स्क्रीन वळवली. "काल तुमच्या फोनवरून परदेशात एकोणसाठ कॉल गेलेत."

"काल मी इथे नव्हतोच!"

"तेच ना. कुणा परक्यालाही तुमचा पासवर्ड सोपा गेला."

काका वरमले. "बरं बाई, नवा सांग," म्हणत त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन टेकवलं.

तिने पेन काढून घेतलं. "तुमच्या धाकाने मी तीसपर्यंत पाढे पाठ केले. तुम्ही चौदा अक्षरं करा!"