एकतीस जूनचा पूर

"साहेब, पाणी धोक्याच्या खुणेवर चढलं, तरी भोंगा गप्प?" धरणावरच्या कंप्युटरवर पातळीची नोंद भरून हर्षदाने खाली पाहिलं. कोरड्या नदीपात्रात बाजार भरलेला, आणि त्यात तिची आई भोपळे विकत बसलेली. दरवाजे आता आपोआप उघडणार होते.

पातळीची नोंद भरताच आपोआप भोंगा वाजवणारा ट्रिगर सकाळी बिडवईसाहेबांच्या प्रोसीजरने, म्हणजे जुन्या नोंदी भरणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमने, बंद केला होता. जुने पूर नोंदवताना तो उगाच बोंबलू नये म्हणून. काम संपल्यावर ती प्रोसीजरच ट्रिगर पुन्हा सुरू करणार होती. पण पूर्वी कुणा महाभागाने जुन्या वहीत चक्क एकतीस जूनला पूर आणून ठेवला होता. त्या तारखेवर प्रोसीजर अडकून मेली आणि ट्रिगर बंदच राहिला.

साहेबांनी ट्रिगर हाताने सुरू केला. तरी भोंगा गप्पच.

"ट्रिगर झोपला असताना भरलेली नोंद त्याला काय कळणार? सरका जरा," म्हणत हर्षदाने पातळीची नोंद पुन्हा भरली.

भोंगा असा बोंबलला, की शेजारच्या तालुक्यातल्या म्हशीसुद्धा डोंगर चढल्या. बाजार रिकामा झाला, मगच पाणी आलं.

धापा टाकत आईचा फोन आला. "भोपळे गेले गं वाहून. कोण भरून देणार?"

"बिडवईसाहेब देतील," हर्षदा म्हणाली, "एकतीस जूनला."