परसातल्या छपराची परवानगी

"आजबी न्हाई म्हणले," आश्रुबानं पटका काढून खुंटीला अडकवला. "सायब दौऱ्यावर हाय. फुडल्या सोमवारी या म्हणले."

धुरपताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "बरं," एवढंच म्हणाली.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे कुणाला ठाऊक नाही? पण परसात चार मेढी रोवून वर पत्रे टाकायला दीड वर्ष लागावं, म्हणजे कमालच की. त्याचं असं होतं, या गावचा वैशाख फार वाईट. दुपारनंतर वारं सुटलं की घरादाराची शाश्वती नसायची. दोन वर्षांमागं असाच एका छपराचा पत्रा उडाला आणि बाजारात उभ्या असलेल्या बैलाची मान कापून गेला. तेव्हापासून नगरपालिकेनं ठरवून टाकलं, परवानगीशिवाय कुणी पत्र्याचं छप्पर घालायचं नाही. आणि घालायचं तर मेढी तीन हात खोल पुरायच्या. खड्डे मोजायला ओव्हरसियर येणार.

तीन हात खोल. आश्रुबाची सगळी गोम तिथं होती.

खरं सांगायचं तर परवानगी दिवाळीतच मिळाली होती. शिक्का मारलेला कागद बंडीच्या आतल्या खिशात घडी करून ठेवलेला. तरी गडी दर सोमवारी उठायचा, पटका बांधायचा, गावाबाहेर ठेसनावर जाऊन बाकावर बसायचा, आणि उन्हं कलली की तोंड पाडून घरी यायचा. न केलेल्या कामानंही माणूस दमतं. आश्रुबा तर पार थकून गेला होता.

छप्पर पोरासाठी हवं होतं. धुरपताबाईनं जागाही ठरवून ठेवली होती, सीताफळीच्या पलीकडं, कुडाच्या कडेला. दुसरी जागा दाखवली की नाही म्हणून मान हलवायची. "वैजूला निवारा नगं का?" हेच तिचं पालुपद.

वैजीनाथ म्हणजे त्यांचं एकुलतं एक पोरगं. रझाकारीच्या धामधुमीत निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलं, आणि पोलीस ॲक्शननंतर तसंच मुंबईला, गिरणीत. असं आश्रुबा सांगायचा. वर्षा-दोन वर्षांनी कुठून तरी खुशालीही आणायचा. सेलूच्या कापसाच्या जिनातला माणूस भेटला म्हणायचा, नाहीतर पिंगळीचा कुणी. वैजू बरा हाय म्हणे, अंगानं भरलाय म्हणे. धुरपताबाई भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची. उलटून कधी काही विचारलं नाही तिनं. बाई भोळी, म्हणून निभतंय, असं आश्रुबाला वाटायचं.

वैजू मुंबईत नव्हता. दहा वर्षांमागच्या भादव्यात, धुरपताबाई भावजयीच्या बाळंतपणाला चुडाव्याला गेलेली असताना, पोरगं मांडीत गोळी घेऊन मागच्या दारानं घरात आलं आणि दिवस उगवायच्या आत गेलं. गावात रझाकारांची गस्त होती. मसणवट्यात न्यावं तर त्यांनी सगळी आळी पेटवून दिली असती. आश्रुबानं एकट्यानं परसात खड्डा केला. कमरेएवढा झाला, त्याहून खोल त्याच्या हातून होईना.

आठ दिवसांनी बायको परत आली. तिच्याकडं बघून त्याला काही सांगवेना, म्हणून म्हणाला, कॅम्पात हाय. मग एका खोट्याला दुसरं जोडत जावं लागलं. आणि या बाईनं छपरासाठी नेमकी तीच जागा धरावी. तिथं पहार पडली तर ही जागच्या जागी जीव सोडील, याची त्याला खात्री होती. ती जागा ती दर अमावास्येला शेणानं सारवायची. शेरडाला तिथं फिरकू द्यायची नाही. पोराची जागा राखते बिचारी, असं मनात यायचं आणि आश्रुबा अर्ध्या भाकरीवरून उठायचा.

पुढच्या सोमवारी तो ठेसनावरून परतला, तर ओव्हरसियर व्यंकटराव दारातल्या बाजेवर बसून चहा पीत होते.

"काय आश्रुबा, दिवाळीत परवानगी दिली तुमाला. या महिन्याअखेरीला मुदत संपायलीय. खड्डे कुठं हायत?"

आश्रुबानं बायकोकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं.

"उद्या खांदतो सायब," ती म्हणाली. "मापाला परवा या."

भांडण होईल म्हणून तो जेवणापर्यंत वाट बघत बसला. तिनं त्याला वाढलं, पाणी दिलं, अंथरूण घातलं. कागदाचा विषयच काढला नाही.

सकाळी शेजारचा धोंडीबा पहार घेऊन आला. आश्रुबा धडपडत परसात गेला. आता सांगून टाकायचं, काय व्हायचं ते होवो, असं ठरवूनच गेला होता.

"थांब रे जरा," धोंडीबाला म्हणाला, आणि बायकोचं मनगट धरून तिला बाजूला घेतलं. "अगं, ऐक. हितं नगं खांदू. हितं..."

धुरपताबाईनं राखेचे चार ठिपके टाकून ठेवले होते, एकमेकांपासून चांगले लांब.

"ठिपक्यावरच खड्डे घे, धोंडीबा," ती म्हणाली. "मधी पहार लावायची न्हाई."

मग तिनं आश्रुबाच्या हातावर आपला हात ठेवला आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, नगा सांगू. दहा वर्सं उघड्यावर निजलंय लेकरू. औंदाच्या वाऱ्यात तरी त्याच्यावर छप्पर असू द्या."