फूटभर ढाळ

थोरला रत्नपाल आणि धाकटा प्रवीण यांची अंगणं लागून होती, पण वाटणीपासून दोघांत बोलणं नव्हतं. प्रवीणच्या खोलीवर पत्रे टाकायला जळबा मिस्त्री आला. “दहा फुटाला फूटभर ढाळ. पाणी आपल्याच अंगणात पाडायचं, मावशी, गावाचा रिवाज हाय.” दोघांची माय लक्ष्मीबाई म्हणाली, “ढाळ रत्नपालकडं कर. ढाळासाठी भिंतीवर चढवशील त्या विटा नुसत्या रच, सिमेंट लावू नको.” “काहून तंटा लावता?” “पत्रे तुझे, तंटा माझा.” चाचणीला जळबानं पत्र्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ते बराबर आपल्या अंगणात उभ्या रत्नपालच्या पायाशी पडलं. तो तरातरा आला. “माय, पाणी माझ्याकडं काहून?” “मला काय इचारतो? घर त्याचं हाय.” रत्नपाल दारातल्या प्रवीणकडं वळला, आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच दोघं समोरासमोर, उन्हं कलेपर्यंत भांडले. घसे बसल्यावर लक्ष्मीबाईनं तोच तांब्या भरून दोघांत ठेवला आणि जळबाला सांगितलं, “आता विटा काढ, ढाळ फिरव.”