रोज दोन किनारे

“तुम्हाला काळी वाळू बघायचीय की पांढरी?” टूर ऑफिसातल्या निकितानं विचारलं आणि कॉम्प्युटरचा पडदा तिघांकडं वळवला.

बब्रुवान खुर्चीच्या कडेला टेकले होते. पटका काढून मांडीवर ठेवला होता. शेजारी म्हाळसाबाई आणि त्यांच्या पलीकडं सून दीपाली. पडद्यावर बाली बेटाचे समुद्रकिनारे एकामागून एक सरकत होते. धाराशिवच्या कोर्टासमोरच्या त्या खोलीत पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता.

निकिताला वाटत होतं, माणसं फिरायला निघालीत. दीपालीनं फोनवर तसंच सांगितलं होतं. लग्नानंतर त्याच बेटावर फिरायला गेले असताना लाटेनं नवऱ्याला, कुमारला, आपल्या डोळ्यांदेखत ओढून नेलं आणि तो अजून सापडलेला नाही, हे एका परक्या पोरीला फोनवर सांगणं तिला जमलं नव्हतं. तिकडच्या लोकांनी शोध थांबवला, हे मात्र तिनं घरी सांगितलं होतं. बब्रुवाननी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टचे फोटो काढायला कळंबला गेले. ना दहावा झाला, ना दीपालीच्या गळ्यातलं मंगळसूत्र निघालं. कुमार घरी आल्याबिगर कायबी करायचं न्हाय, असं म्हाळसाबाईंनी भावकीला बजावलं होतं.

“काळी वाळू म्हणजे ज्वालामुखीची,” निकिता सांगत होती. “लाव्हा थंड होऊन त्याचा चुरा होतो ना काका, ती. हा किनारा बघा. नवीन जोडपी सगळी इथंच फोटो काढतात.”

बब्रुवाननी मान पुढं केली. “ह्योच का गं?”

“हो, मामा,” दीपाली म्हणाली. ती दाराकडं बघत होती.

“ह्यो धरा मग,” बब्रुवान निकिताला म्हणाले. “आन् ह्याच्या दोन्ही अंगाला काय हाय?”

“एकीकडं कडा आहे. दुसरीकडं नुसते खडक. तिथं गाडी जात नाही, काका.”

“गाडी कशाला? आमी चालू की.” बब्रुवाननी उभी हयात मेंढरांमागं काढली होती. कळपातलं एखादं चुकलं तर ते आठ-आठ दिवस घळी अन् ओढे पालथे घालायचे, पण रिकाम्या हातानं कधी आले नव्हते. “सगळ्या बेटाला चालत फेरा घालायचा म्हटलं तर किती दिस लागतेत?”

निकिता हसली. “फेरा कशाला घालताय? आपल्या टूरमध्ये रोज दोनच किनारे होतात. निवांत निवडा. नाहीतर ताईंनाच निवडू द्या, त्या जाऊन आल्यात म्हणे.”

सासू-सासरे दोघंही दीपालीकडं बघू लागले.

मागच्या वेळीही किनारे तिनंच निवडले होते. पुण्यात दोघं राहायचे त्या खोलीत गादीवर पालथी पडून ती कुमारला मोबाईलवर फोटो दाखवत होती आणि तो म्हणत होता, तुला आवडंल तिथं जाऊ. समुद्र त्यानंही तोवर पाहिला नव्हता. काळ्या वाळूवर तिनं बोट ठेवलं होतं.

“तिथलं पाणी कोणत्या अंगाला जातं, तुला म्हाईत असंल,” बब्रुवान हळूच म्हणाले. “तू सांग, पोरी. तू म्हणशील तिथनं हुडकायला लागू.”

तिला माहीत होतं. किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यानं तिला ते हातानंच दाखवलं होतं, कारण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यानं तळहात काठापासून समुद्राकडं नेला, पार लांब नेला, आणि तिथंच खाली सोडला. माघारी आणला नाही. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं. म्हाळसाबाई दुखरा गुडघा दाबत बसल्या होत्या. येताना एसटीत बसायला जागा मिळाली नव्हती. बब्रुवान तिच्या ओठांकडं बघत होते.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. बेटाच्या पार दुसऱ्या अंगाचे किनारे ती दाखवत गेली. सपाट वाळूचे, काठावर झाडांची सावली असलेले, जिथं मोठी लाट येत नाही आणि बारकी पोरं पाण्यात खेळतात.

“हिकडं येतं व्हय पाणी?” बब्रुवाननी विचारलं.

“येतं, मामा.”

“त्या तिकडनं?”

“सगळं फिरून इकडंच येतं.”

बब्रुवान खुर्चीत मागं सरकून बसले. कुमार गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका सैल झालेला तिनं पाहिला नव्हता. आता ही दोघं रोज त्या वाळूवरून पाण्याकडं बघत चालणार आणि संध्याकाळ झाली की उद्याच्या किनाऱ्यावर भरवसा ठेवून झोपणार. आणि शेवटच्या दिवशीही तिला त्यांच्या शेजारून चालावं लागणार.

“छान निवडलंत, ताई,” निकिता म्हणाली. “आणखी कुणाला काही विचारायचंय?”

म्हाळसाबाईंनी गुडघ्यावरचा हात काढला. त्यांनी पदर सावरला.

“बाई, तिथलं पाणी लई गार असतंय का?”

“छे हो, मावशी. बारा महिने कोमट असतं. तासन्‌तास पाण्यात राहिलं तरी काही होत नाही.”

म्हाळसाबाईंनी मान हलवली.

“मग बरं,” त्या म्हणाल्या.