एर्मिनाचा खर्ज

"कानाशी मच्छर आला तर कळतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेजारच्या घरात आला तरी कळतं," एर्मिना ठसक्यात म्हणाली.

"आणि मागून ट्रक आला तर?"

यावर एर्मिनाने हातातली बांगडी सरळ केली. गेल्याच आठवड्यात कोकोची पोती भरलेला ट्रक तिच्या पाठीला टेकायचा बाकी होता. भाची जोसेटने दंडाला धरून ओढलं म्हणून वाचली. वर भाचीलाच म्हणाली, "अगं, बांगडी फुटेल ना माझी!" त्या दिवशी जोसेटने ठरवलं, मावशीला शहरात नेऊन कान दाखवायचे.

जीप युस्टेसची होती. आमच्या खोऱ्यात कुणाला कुठे न्यायचं असलं की युस्टेसच. तो बाहेरच्या बाकावर बसून रखवालदाराशी गप्पा मारत होता. आतून नर्सने दार किलकिलं करून दटावलं, "कोण बाई बडबडतायत इथे? आत तपासणी चाललीय!" शेजारी विणत बसलेल्या बाई उगाच ओशाळल्या. युस्टेसनेही तोंड मिटलं.

थोड्या वेळाने त्यालाही आत बोलावलं.

"बारीक, चिरके आवाज यांना लख्ख ऐकू येतात," डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. "पाखरं, मुलं, बायका, सगळं. खर्जातलं मात्र ऐकू येत नाही. ढग गडगडले, ट्रक घरघरला, पुरुष जाड्या आवाजात बोलले, की यांच्या लेखी सामसूम. बहुतेकांचं याच्या उलट असतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही."

"म्हणजे माझा नवरा," एर्मिना हळूच म्हणाली, "केवढा ढाला, खर्जातला आवाज होता त्याचा! जन्मभर तो बोलला आणि मी मान हलवली. बिचारा गावभर सांगायचा, माझी बायको शब्दाबाहेर नाही म्हणून."

जोसेट हसता हसता खुर्चीवरून घसरली. एर्मिनाही हसली, पण डोळे पुसत.

"आता यांच्याशी बोलताना समोर उभे राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चेहऱ्यावर उजेड हवा. पाठीमागून पुटपुटू नका."

युस्टेसने जोरजोरात मान हलवली. त्याचा चेहरा असा उजळला होता, की जणू त्याचेच कान बरे झाले.

कारण तसंच होतं. युस्टेसने एर्मिनाला आजवर तीनदा लग्नाचं विचारलं होतं. पहिल्यांदा ती वाळत घातलेल्या कोकोच्या बिया पायांनी घोळवत होती, तेव्हा तिच्या पाठीमागे उभं राहून. दुसऱ्यांदा चर्चच्या जत्रेत, तिच्या बाजूला, स्वतःच्या बुटांकडे बघत. तिसऱ्यांदा तिच्याच ओसरीवर, पुन्हा पाठमोरीलाच. तिन्ही वेळा ती म्हणाली, "उद्या पाऊस येणार बहुतेक."

साठीच्या माणसाने किती वेळा पाऊस ऐकायचा? त्याचा भाऊ टोबॅगो बेटावरून बोलावतच होता. नाताळ झाला की कायमचं तिकडे जायचं, असं युस्टेसने ठरवून टाकलं होतं. जीपला गिऱ्हाईकही बघितलं होतं. आणि आज कळत होतं, की तिने ऐकलंच नव्हतं! नाही म्हणालीच नव्हती! परतीच्या घाटात त्याने प्रत्येक वळणावर विनाकारण भोंगा वाजवला.

नाताळ तोंडावर आला होता. आमच्याकडे नाताळात परांगची पथकं घरोघर गात फिरतात. दार नुसतं ठोठावून उघडत नाही. आतला माणूस टक्क जागा असतो, ऐकत असतो, पण घोरण्याचं सोंग घेतो. दारात उभं राहून गायचं, गाण्यातूनच आत घे म्हणायचं, मग कडी निघते. मग हॅम काय, आल्याची बियर काय, मागाल ते. न गाता जो आत शिरेल त्याचं वर्षभर हसं होतं.

युस्टेस पथकात खोक्याचा बेस वाजवायचा. एक उपडं खोकं, एक काठी, एक जाड दोरी, आणि आवाज मात्र पोटात घुमणारा. सगळी गाणी त्याला तोंडपाठ होती, पण ओठ कधी हलले नाहीत. शाळेत नाताळच्या नाटकात त्याला दरवर्षी देवदूत करत. पोरांनी चिडवून चिडवून नको केलं, तेव्हापासून त्याचं गाणं बंद. "तोंडाला कुलूप आहे का रे?" पथकातले विचारायचे. तो दोरी ओढायचा.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात तो एर्मिनाच्या ओसरीवर आला. ती मक्याच्या पिठात खिमा भरून केळीच्या पानांत पास्तेल बांधत होती. तो बरोबर तिच्या समोर, उन्हाकडे तोंड करून उभा राहिला.

"एर्मिना, माझ्याकडे बघ. माझ्याशी लग्न करशील?"

ती बघत राहिली.

"हे मी आधीही विचारलंय," तो घाईने म्हणाला. "तीनदा. तुला ऐकूच आलं नाही, तुझा काय दोष? मी वेडा, रागावून टोबॅगोला निघालो होतो."

"कोको घोळवताना," एर्मिना दोरा गुंडाळत म्हणाली. "मग जत्रेत. मग इथे."

युस्टेसने आ वासला. "पण डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, पुरुषांचा आवाज..."

"पुरुषांचा. तुझा आवाज माझ्या किटलीच्या शिट्टीहून बारीक आहे, युस्टेस. या अख्ख्या खोऱ्यात ज्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो, असा बाप्या तू एकटाच."

ती हात पुसत उठली, घरात गेली आणि तिने आतून कडी लावली.

"आता गा," दारामागून आवाज आला.