थोरलीची पाच पोती

आजेसासूच्या सासूने घरात पावाची पहिली भट्टी बांधली, आजेसासूने ती कधी थंड पडू दिली नाही, सासूने डोळे मिटण्यापूर्वी तिची किल्ली थोरल्या सुनेच्या हाती दिली. आणि तीच थोरली आज नाकाला रुमाल लावून गिरणीच्या दारात उभी होती.

आत तिची धाकटी जाऊ गिरणीवाल्याची मनधरणी करीत होती. घराच्या वाटण्या झाल्यापासून ती आपल्या स्वयंपाकघरात पाव भाजून संसार चालवी. कडक गव्हाच्या चिवट पिठावर तिची सारी मदार होती.

"पाच पोत्यांसाठी कडक गहू दळायला घेणं परवडत नाही, वहिनी," गिरणीवाला म्हणाला. "एकदम दहा तरी हवीत. बाकीची घेणाऱ्या खानावळवाल्यानं ऐन वेळी अंग काढून घेतलं, त्याला मी काय करू?"

"अहो, मऊ पिठाचे पाव बसतात. असले दगड घेऊन उद्या कुणाच्या दारात उभी राहू?"

"उरलेली पाच पोती माझी," दारातून आवाज आला.

धाकटीने वळून पाहिले. तिचा जीव भांड्यात पडला, आणि थोरलीला ओळखताच कपाळावर आठी उमटली. वाटण्यांपासून दोघींत बोलणे नव्हते.

"जाऊबाई, तुमच्या भट्टीला तर कुलूप आहे म्हणे. एवढ्या पिठाचं करणार काय?"

"कुलूप काढता येतं. तुला कशाला पंचाईत?"

म्हणजे आता ही माझी गिऱ्हाइकं पळवणार, असे धाकटीच्या मनात आले. पण दळण व्हायचे तर थोरलीखेरीज गत्यंतर नव्हते.

"आधी पीठ पारखून घेते," थोरलीने गिरणीवाल्याला फर्मावले. "नमुन्याला दळलंय त्यातलं मूठभर घ्या. गोळा मळा आणि पाण्यात धुवा."

"तुम्हीच बघा ना मळून. तुमच्यासारखा हात—"

"सांगितलं तेवढं करा."

गिरणीवाल्याने गोळा मळला. पांढरे पाणी निघून जाईपर्यंत तो धुतला. उरलेला चिवट लगदा दोन्ही हातांनी ताणला. तो लांबत गेला, तुटला नाही. थोरलीने हे सारे उंबरठ्याबाहेरूनच पाहिले आणि मान हलवली.

गिरणीवाला हरखला. फळीवरच्या पावाचा तुकडा मोडून त्याने पुढे केला. "याच पिठाचा, यांच्याच हातचा. चाखून तर बघा!"

थोरली चटकन मागे सरकली. "नको."

"विष नाही घातलं त्यात!" धाकटी उसळली. "तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, तेव्हा बोलणं नसतानाही वर्षभर तुमची पोरं याच हातचे पाव खाऊन वाढली. तेव्हा बरे चालले!"

"ठाऊक आहे," थोरली म्हणाली. "कुणाचं ठेवून घ्यायची रीत नाही आमच्यात."

"मग फेडा की! नुसत्या तोंडाच्या वाफा!"

थोरलीने बटवा उघडला. पैसे उंबरठ्यावर ठेवले, ओळखीच्या हमालाला बाजूला घेऊन काही सांगितले आणि ताठ मानेने ती चालू लागली. जाता जाता अंगावरचे पीठ तिने असे झटकले, की धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण जाते फिरू लागले, कडक गव्हाचा वास दरवळला, आणि धाकटीचा राग हळूहळू ओसरला. उद्याचे पाव फुगणार होते. बाकीचे पुढचे पुढे.

संध्याकाळी हमालाची गाडी तिच्या दारात थांबली. तो पोती उतरवू लागला, आणि सहाव्या पोत्याला तिने त्याला अडवले.

"अरे, हे थोरल्या बाईंचं. तिकडे ने."

"सगळी इथंच उतरवायचीत, वहिनी. आणि ही तुम्हाला द्यायला सांगितलीय."

त्याने तिच्या तळहातावर भट्टीची जुनी किल्ली ठेवली.

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "मग त्या पाव कशाचे भाजणार?"

"त्या?" हमालाने घाम पुसला. "इतकी वर्षं त्यांचं सामान मीच वाहतो, गव्हाचा दाणा कधी उचलला नाही. त्या दुखण्यापासून डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलाय. कण पोटात गेला तरी पुन्हा अंथरूण धरायचं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मग शेवटचे पोते भिंतीला टेकवून तो म्हणाला, "हां, निरोप राहिलाच. म्हणाल्या, वर्षाचे पाव फिटले."